तीन नंबरची पिशवी

१. पोचल्या दिवशी काही करायचं नाही. समुद्राकडे तोंड करून कॉफी प्यायची. तळाचा गाळ ढवळायचा नाही.

मंगळवारी सकाळी स्वरा नुकतीच झोपली होती. ती झोपली की घरात कापसासारखी मऊ शांतता पसरते. त्या शांततेत चहा घेऊन बसणार, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल नाही, टकटक. म्हणजे प्रभाताई. तान्ह्या बाळाच्या घराची बेल त्या कधी वाजवत नाहीत.

"सुखदा," त्या दारातूनच म्हणाल्या, "माझा पासपोर्ट गेला."

सव्वीस वर्षं कुवेतमध्ये नर्सिंग केलेली बाई. कितीही रक्त बघितलं तरी आवाज न हलणारी. आज मात्र त्यांनी दाराची चौकट धरली होती.

गुरुवारी सकाळी अकराचं त्यांचं विमान होतं. सायप्रसला. आठ दिवस. परत आल्या की महिनाअखेर नोकरी संपणार, इकामा म्हणजे इथे राहायचा परवानाही संपणार, आणि कुडाळजवळच्या गावी भावाच्या घरात त्यांच्यासाठी एक खोली रंगवून तयार होती. पुन्हा कधी कुठे जाणं होणार नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. व्हिसा त्या पासपोर्टातच होता. नवीन पासपोर्ट काढेपर्यंत त्या बेटावरचा उन्हाळाच काय, हिवाळाही उलटला असता.

बेटाची गोष्ट अकरा वर्षं जुनी. त्यांच्या वॉर्डात तिथला एक म्हातारा इंजिनियर पाय मोडून पडला होता. ड्रेसिंग करताना दुखू नये म्हणून तो त्यांना आपलं बेट सांगायचा. सिस्टर, तिकडे गेलात तर हे करा, ते करा. त्याला डिस्चार्ज मिळाला तेव्हा प्रभाताईंकडे नऊ गोष्टींची यादी झाली होती. वॉर्डातल्या चार्टच्या पाठकोऱ्या कागदावर, त्यांच्या गोल अक्षरात.

"कपाटात होता," त्या म्हणाल्या. "वरच्या खणात. आज सकाळी बघते तर नाही."

"अजून काय गेलंय?"

"काही नाही. फक्त पासपोर्ट."

हे जरा पटकन आलं. मी बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते. तिथे रक्ताचा नमुना हरवला की मी आधी त्याला शोधत नसे. आजूबाजूचं काय बिघडलंय ते बघायची, कारण हरवलेली वस्तू कधी एकटी हरवत नाही. म्हणूनच प्रभाताई पोलिसांकडे जाण्याआधी माझ्याकडे आल्या होत्या.

तेवढ्यात आतून स्वरा रडली. तिला कडेवर घेतलं आणि आम्ही तिघी वर गेलो.

५. मांजरांच्या मठात जायचं. रिकाम्या हाताने नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये प्रभाताई आणि तेजस्वी, दोघी नर्सेस. खिडकीतून इमारतींच्या फटीत फहाहीलचा समुद्र दिसतो, बोटभर. सव्वीस वर्षं त्यांनी तो बोटभरच बघितला. किनाऱ्यावर आम्ही संध्याकाळी बाबागाडी घेऊन जायचो, तेव्हा त्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि साडीच्या निऱ्या सावरत परत फिरायच्या.

कपाटाचा वरचा खण म्हणजे औषधांच्या कपाटासारखा. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या खिशात, खिशावर चिठ्ठी. तिकीट जागेवर, विमा जागेवर. कुलूप शाबूत. चोरानं बाकी कशाला हात न लावता एवढा एकच खिसा रिकामा केला होता.

पलंगावर बॅग उघडी पडलेली. मी खण बघेपर्यंत स्वरानं बॅगेत हात घातला आणि निळ्या जाड कापडाच्या छोट्या पिशव्या एकेक करून जमिनीवर टाकायला सुरुवात केली. प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं आकडा भरलेला.

"ह्या काय?"

प्रभाताई जरा ओशाळल्या. "वॉर्डात प्रत्येक प्रोसिजरला एक ट्रे लावतो ना आपण? तसं. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला एक पिशवी. पाचमध्ये मांजरांची बिस्किटं आहेत."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. एवढं नीट आवरून कुणी स्वप्नाला निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

मग स्वरा गप्प झाली. आई झाल्यावर कळतं, बाळ गप्प झालं की तोंडात काहीतरी आहे. मी बोट घालून काढलं. तांदळाचा दाणा. कच्चा, आणि हळदीनं पिवळा झालेला. बॅगेच्या तळाशी अजून चार होते.

"तुम्ही पूजा केलीत बॅगेची?"

"मी?" प्रभाताई म्हणाल्या. "मी कधी देवाला उदबत्ती तरी लावते का ग?"

२. डोंगरातल्या गावात लेस विणणाऱ्या बायकांच्या पायरीवर बसायचं. त्या बोलतील. समजलं नाही तरी मान हलवायची.

दुपारी तेजस्वी ड्युटीवरून आली. नांदेडची, सत्तावीस वर्षांची, बोलायला लागली की थांबत नाही. आज शब्द मोजून बोलत होती.

"मी कशाला घेऊ लागले त्यांचा पासपोर्ट? घरात मीच असते म्हणून मीच का?"

"मी तसं म्हणाले नाही, तेजू."

"म्हणायची गरजच काय. त्या चालल्या म्हणून मी भांडले, ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलंय." तिनं बुटाची लेस ओढली. "आठ दिवस बेटावर जाता, तेवढेच माझ्यासोबत राहा म्हणलं तर काय चुकलं माझं? नंतर कोण येणारे त्या पलंगावर, कुणाला माहीत."

"काल घरी कोण कोण आलं?"

"सकाळी तो संग्राम आला, त्यांचा भाचा. सामानाचा खोका न्यायला. दुपारी त्या हॉस्पिटलात कागदं द्यायला गेल्या, तवा लवू आला. नळ गळू लागला होता. मीच दार उघडलं अन् झोपले."

बोलताना ती पायानं पलंगाखाली काहीतरी मागे सारत होती. मी वाकले. स्वराही माझ्या कडेवरून वाकली. गोल खोका होता.

"उघडू नका ना ताई," ती म्हणाली, आणि मग स्वतःच उघडला. गवती टोपी, रुंद कडांची, आत रिबिनीवर पेनानं लिहिलेलं: उन्हात फिरू नका.

"विमानतळावर देणार होते," तेजस्वी म्हणाली आणि नाक पुसलं. "आता कशाला."

टोपी झाकून ठेवताना मी विचारलं, "संग्रामनं नेलेल्या खोक्यात काय होतं?"

"सव्वीस वर्षांचं सामान. निम्मं मी भरलं, निम्मं त्यानं." ती थांबली. "ताई, तो खोका आज कार्गोला जाणार होता. जहाजानं. महिनाभर तरी हाती लागत नाही."

४. संत्रं स्वतः झाडावरून तोडून खायचं. आधी विचारायचं.

संग्रामला मी फोन केला. खोका अजून त्याच्या गाडीतच होता. तासाभरात तो खोका घेऊन आमच्या हॉलमध्ये आला आणि घाम पुसत पंख्याखाली उभा राहिला. तेलकंपनीत इंजिनियर, पुण्यात वाढलेला, स्पष्ट बोलणारा.

"हे बघा वहिनी, माझा विरोध होता, मी लपवलेलं नाही. आत्यानं आमच्या सगळ्यांची शिक्षणं केली. आता घरी चल, आराम कर, एवढंच म्हणतोय. एकटी बाई बेटावर जाऊन करणार काय?"

"नऊ गोष्टी," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. खोका उघडा."

आम्ही चादरी उलगडल्या, कुकर उघडला, भिंतीवरच्या घड्याळाची पाठही बघितली. स्वरा कुकरच्या झाकणाशी खेळत बसली. पासपोर्ट नव्हता.

"मला अडवायचंच असतं," संग्राम रिकाम्या खोक्याकडे बघत म्हणाला, "तर बाबांना फोन करायला लावला असता. ते नुसते 'प्रभा' म्हणाले असते तरी ती थांबली असती. आजवर तशीच थांबलीय ती. म्हणून नाही करायला लावला."

त्याच्यावरचा माझा संशय तिथेच गळून पडला.

संध्याकाळी लवू आला. जलीबमध्ये सहाजणांच्या खोलीत राहतो, शुऐब्याच्या कारखान्यात पाइपफिटर. चार वर्षांपूर्वी वाफेनं हात भाजला तेव्हा प्रभाताईंनी तीन महिने त्याचं ड्रेसिंग केलं. तेव्हापासून त्या त्याच्या आक्का, आणि आमच्या इमारतीतला कुठलाही नळ त्याचाच. निरोप मिळताच कंपनीच्या बसमधून उतरून तो तसाच आला होता, बुटांवर पांढरी धूळ घेऊन.

"कपाटाक मी हात लावूक नाय, आक्का," तो दारातच म्हणाला. "पासपोर्ट डोळ्यान बघूक पण नाय. शपथ."

"अरे, तुझ्यावर कोण संशय घेतंय," प्रभाताई म्हणाल्या.

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "पासपोर्ट सोडून आणि काय गेला काय?"

"नाही," प्रभाताई म्हणाल्या. पुन्हा तसंच, पटकन. "फक्त पासपोर्ट."

लवूचे खांदे खाली आले. माणूस सुटला की येतात तसे. आणि त्याच क्षणी प्रभाताईंनी माझ्यावरची नजर काढून खिडकीकडे वळवली. समुद्राच्या त्या बोटभर पट्टीकडे.

पासपोर्ट गेला आणि लवूनं तो पाहिलेला नाही, एवढं खरं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि दोघंही काहीतरी लपवत होते.

६. संध्याकाळी भाजलेलं चीज, कलिंगडाबरोबर. विचित्र वाटेल. खायचं.

खाली रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर अकबरचाचांचा बकाला आहे, वाणसामानाचं दुकान. चाचा हैदराबादचे. मी दूध आणि खुबूस, इथली रोटी, घ्यायला उतरले. स्वरा माझ्या खांद्यावरून दोन्ही हात वर करून उसळायला लागली. गल्ल्याच्या मागे, उंच खुंटीवर, काहीतरी निळं लटकत होतं.

"उसको नक्को हाथ लगाना, अम्मा," चाचा स्वराला म्हणाले. "अमानत है."

तिला तिथून हलवताना ती रडली. मी तिला चमचा दिला आणि आम्ही घरी आलो. तेव्हा माझं डोकं पासपोर्टात होतं.

माझा नवरा रितेश रात्रपाळीला गेला होता. मी स्वराला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले. सूर्य वाळवंटाच्या बाजूला उतरत होता, हवेत धुळीचा सोनेरी पडदा. स्वराचे डोळे मिटत आले तसा माझ्याही डोळ्यांसमोर तो बेटाचा किनारा तरंगायला लागला. संत्र्यांची झाडं, पायरीवरच्या बायका, मांजरं. मी यादी मनात म्हणत होते, अंगाई म्हणावी तशी. एक, कॉफी. दोन, लेस. चार, संत्रं.

चार?

स्वराला अलगद पाळण्यात ठेवलं. शेजारच्या मुलीला तिच्याजवळ बसवलं आणि वर गेले. यादी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती. तिसरी ओळ बॉलपेननं इतकी खोडली होती की कागद फाटायला आला होता. बॅगेतल्या पिशव्या मी मोजल्या. एक, दोन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ.

"प्रभाताई," मी विचारलं, "तीन नंबरची पिशवी कुठे आहे?"

त्या पलंगावर बसल्या.

९. त्याच्या गल्लीत निळं दार आहे. त्याला हात लावून यायचं.

"पोहण्याचा ड्रेस," त्या म्हणाल्या. "सूक बाजारातून आणला. अंगभर आहे ग, मनगटापर्यंत. तरी घालून बघितला आणि आरसा झाकला मी. अठ्ठावन्न वर्षांची बाई. संग्राम, लवू, तेजू, सगळ्यांच्या देखत काय सांगू, की माझा पोहण्याचा ड्रेस गेला?"

"आणि पासपोर्ट?"

"त्यातच होता. कपाटातून मीच काढला होता, तुला खोटं सांगितलं." त्यांनी हात मांडीवर ठेवले, ड्रेसिंग करताना स्थिर ठेवतात तसे. "मला माहीत होतं, शेवटच्या क्षणी मी तो ड्रेस घरीच ठेवीन. आयुष्यभर तेच केलंय. म्हणून पासपोर्ट त्याच्या घडीत घातला. तो घेतल्याशिवाय निघताच येऊ नये म्हणून."

त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर होतं. मी गुरुवार बघितला. तारखेच्या कोपऱ्यात छापलेला काळा गोल. अमावास्या.

मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. हळदीचे तांदूळ. लवूचा तो प्रश्न. खुंटीवरचं निळं.

"ताई, लवूनं तुम्हाला गुरुवारी जाऊ नका असं सांगितलं होतं?"

"गेल्या आठवड्यात. मी म्हटलं, विमानाला अमावास्या कळत नाही. मग म्हणतो, निदान प्रस्थान ठेवा. मी हसले."

प्रस्थान. वाईट दिवशी निघायचं असलं तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या सामानातली एक वस्तू, हळद-तांदूळ-सुपारीसकट, प्रवासाच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, माणूस फक्त मागून जातो. माझ्या दहावीच्या परीक्षेला सोलापूरच्या शेजारच्या काकूंनी माझी कंपासपेटी अशीच आदल्या दिवशी नेऊन ठेवली होती.

"सोमवारी तुम्ही घरी नव्हता. तेजू झोपली होती. लवूनं नळ दुरुस्त केला आणि उघड्या बॅगेतली सगळ्यात वरची पिशवी उचलली. बायकांचे कपडे म्हणून उघडून बघितली नाही. पासपोर्ट हरवल्याचं कळलं तेव्हा घाबरून विचारलं, अजून काय गेलं? तुम्ही म्हणालात, काही नाही. त्याला वाटलं, पिशवी गेल्याचं तुमच्या लक्षातच आलेलं नाही, आणि पासपोर्टाशी तिचा संबंध नाही. तुम्ही पिशवीचं नाव घेतलं असतंत तर तो जागेवर बोलला असता."

प्रभाताईंनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "पण ठेवली कुठे?"

"सायप्रस कुठल्या दिशेला?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन सूर्य बुडाला त्या बाजूला बोट केलं आणि जरा उजवीकडे सरकवलं. बोटाच्या टोकाशी, रस्त्यापलीकडे, अकबरचाचांच्या दुकानाचा हिरवा दिवा लागला होता.

आम्ही खाली गेलो. परत निघालेल्या लवूला फोन करून बसमधून उतरवलं. चाचांनी काठीनं पिशवी काढून गल्ल्यावर ठेवली. वळवली तसा लाल दोऱ्यातला तीन दिसला, आणि गाठीतली सुपारी. प्रभाताईंनी पाठमोऱ्या होऊन आत हात घातला. पासपोर्टाचा कोपरा वर आला. व्हिसाचं पान उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या.

लवू धावत आला. पिशवीतून काय निघालं ते बघून तो दारातच थबकला.

"माझो भाव अमावास्येक सौदीक गेलो," तो खाली बघत म्हणाला. "आई नको म्हणा होती. परत इलो तो पेटीतसून. तुमका सांगलंय असता तर तुम्ही हसला असता, आक्का."

"हसले असते," प्रभाताई म्हणाल्या. "गाढवा, दिवसभर जीव टांगणीला लावलास माझा." आणि त्याचा तो भाजलेला हात धरून ठेवला.

मी पिशवी घरी न्यायला उचलली, तर लवू पुटपुटला, प्रस्थान ठेवलं की परत घरात आणायचं नसतं. मी प्रभाताईंकडे बघितलं. पासपोर्ट दिवसभर शोधून आत्ता हाती लागलेला. वाण्याच्या दुकानातली खुंटी.

त्यांनी पासपोर्ट पिशवीत घातला, गाठ मारली, आणि पिशवी अकबरचाचांच्या हातात दिली. "परसों सुबह लेके जाऊँगी, चाचा."

"हमारे यहाँ भी सफ़र पे जाते सो लोगाँ के बाज़ू पे सिक्का बाँधते, सिस्टर," चाचा पिशवी वर टांगत म्हणाले. "नाम अलग है. फिक्र एकीच है."

३.

गुरुवारी सकाळी सात वाजता प्रभाताई गवती टोपी घालून निघाल्या. संग्रामनं गाडी दुकानासमोर लावली. त्या उतरून पिशवी घेऊन आल्या आणि मांडीवर ठेवून बसल्या. मागे वळून बघितलं नाही. तेही लवूनंच बजावलं होतं.

शनिवारी दुपारी मी स्वराला घेऊन दूध आणायला गेले. सुट्टीवरचा लवू पेप्सीच्या क्रेटवर बसला होता, तेजस्वी कोथिंबीर निवडून घेत होती. माझा फोन वाजला. प्रभाताईंचा आवाजी निरोप. मी गल्ल्यावर फोन ठेवून लावला.

आधी नुसतं पाणी. लांबवर मुलांचे आवाज, कुठल्याशा भाषेतले. मग पुन्हा पाणी, जवळचं, दगडावर चढून उतरणारं. मग धापा टाकत त्या म्हणाल्या, "छातीपर्यंत गेले. एक बाई होती, माझ्याहून म्हातारी. तिनं हात धरला. सोडला. मी बुडाले नाही." थोडा वेळ फक्त श्वास. "यादीत तिसरं पुन्हा लिहिलंय. आणि लवू तिथे असेल तर त्याला सांग, परतीचा दिवस बघून ठेव म्हणावं. इथे शेजारी एक मांजरवाली आहे, तिच्याकडे काहीतरी ठेवीन."

तेजस्वी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी होती. लवूनं खिशातून छोटं पंचांग काढलं आणि नाकाजवळ धरून पानं उलटायला लागला.

स्वरानं दोन्ही हात त्या रिकाम्या खुंटीकडे पसरले. चाचांनी यावेळी तिला अडवलं नाही. काउंटरवरून तिला माझ्याकडून घेतलं, वर उचललं, आणि खुंटीला हात लावू दिला.